हेलिकॉप्टर प्रशिक्षण संस्थेची निवड आणि उड्डाणापूर्वीची तयारी

हेलिकॉप्टर वैमानिकाचे प्रशिक्षण घेऊ इच्छिणारा विद्यार्थी संस्थांची चौकशी सुरू करतो तेव्हा त्याच्या हाती सर्वप्रथम ताशी दरांचे तक्ते पडतात, आणि मग तो त्या तक्त्यांचीच तुलना करत बसतो. दराला महत्त्व आहेच, कारण हेलिकॉप्टरमधील एक तास लहान विमानातील तासापेक्षा बराच महाग असतो. परंतु परवाना हाती येईपर्यंत एकूण किती तास लागतील, ते कोणाच्या शेजारी बसून आणि कोणत्या यंत्रात जातील, आणि त्यांतून हाताला व मनाला कोणत्या सवयी लागतील, हे त्या तक्त्यात लिहिलेले नसते. माझ्या मते संस्थेची खरी पारख ती उड्डाण करत नसताना कशी वागते यावरून करावी : हवामान बिघडल्यावर, यंत्रात दोष आढळल्यावर, विद्यार्थ्याची प्रगती खुंटल्यावर आणि प्रशिक्षक सोडून गेल्यावर. पुढील मजकुरात याच निकषावर भर दिला असून, प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः कोणती तयारी करावी हेही सांगितले आहे.

उद्दिष्ट आणि वैद्यकीय तपासणी

परवाना कशासाठी हवा, हे आधी ठरवावे. स्वतःच्या आनंदासाठी उड्डाण करायचे असेल तर खाजगी परवाना पुरतो. उपजीविका करायची असेल तर व्यावसायिक परवाना लागतो, आणि पुढे रात्रीचे उड्डाण, उपकरणांच्या आधारे उड्डाण व प्रशिक्षक ही मानांकने, म्हणजे परवान्यावर नोंदली जाणारी खास पात्रता, मिळवावी लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिच्या मानकांनुसार हेलिकॉप्टरच्या खाजगी परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे व किमान अनुभव ४० तास, तर व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे व १५० तास असा आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकल्यास हे तास अनुक्रमे ३५ आणि १०० पर्यंत उतरतात. प्रत्येक देशाचा नियामक यापेक्षा अधिक अट घालू शकतो. युरोपीय नियमांत खाजगी परवान्यासाठी ४५ तास लागतात. हे आकडे किमान आहेत, ही गोष्ट खर्चाचा अंदाज बांधताना विसरली जाते. ४० तासांत खाजगी परवाना मिळवणारे विद्यार्थी थोडे; ५० ते ७० तास लागणे अगदी सामान्य आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

एका देशातील संस्थेत शिकून दुसऱ्या देशात नोकरी करण्याचा विचार असेल, तर जिथे काम करायचे आहे त्या देशाच्या नियामकाकडून परवाना रूपांतराच्या अटी लेखी मिळवाव्यात. किती तास ग्राह्य धरले जातील, कोणत्या लेखी परीक्षा पुन्हा द्याव्या लागतील आणि तेथील यंत्राचे मानांकन चालेल का, या प्रश्नांचे उत्तर संस्थेच्या विक्री प्रतिनिधीकडून घेऊ नये.

पैसे भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि ती अंतिम उद्दिष्टाला लागणाऱ्या दर्जाची असावी. आयकाओच्या पद्धतीत खाजगी परवान्याला दुसऱ्या वर्गाचे आणि व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. काही देशांत वर्गांचे क्रमांक वेगळे आहेत. खालच्या वर्गाचे प्रमाणपत्र घेऊन शिकायला सुरुवात करणारा आणि शंभर तासांनंतर रंगदृष्टीच्या दोषामुळे वरच्या वर्गात नापास होणारा विद्यार्थी आपली बचत आणि उमेद दोन्ही गमावून बसतो. चष्मा असणे ही सहसा अडचण नसते. रंगांधत्व, श्रवणदोष, हृदयाचे विकार, झटके येण्याचा पूर्वेतिहास, मधुमेहावरील इन्सुलिन, आणि नैराश्य किंवा लक्ष केंद्रित न होण्याच्या तक्रारीवरील औषधे या बाबतींत मात्र अगोदर विमान वैद्यकातील तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. काहीही लपवू नये. लपवलेली बाब पुढे उघडकीस आल्यास प्रमाणपत्रासोबत परवानाही धोक्यात येतो.

वजनाचाही विचार याच वेळी करावा, कारण प्रशिक्षणाची हेलिकॉप्टरे लहान असतात. रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी यंत्राचे कमाल उड्डाण वजन ६२२ किलो आणि रिकामे वजन सुमारे ४०० किलो असते. उरलेल्या २२० किलोंतून सुमारे ५० किलो इंधन वजा केले, तर दोन माणसांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे ८५ किलो येतात. शिवाय प्रत्येक आसनाची मर्यादा, त्याखालच्या सामानासह, १०९ किलो आहे. धिप्पाड विद्यार्थ्याला त्याच शरीरयष्टीचा प्रशिक्षक मिळाला तर इंधन कमी भरून छोटी छोटी उड्डाणे करावी लागतात, किंवा चार आसनी आणि अधिक महाग आर-४४ घ्यावे लागते. खर्चाचा हिशेब अशा एका साध्या बेरजेने बदलतो.

यंत्र कोणते आहे, हे समजून घ्यावे

संस्था निवडताना तिच्याकडे कोणते हेलिकॉप्टर आहे हा प्रश्न मी फार वरच्या क्रमांकावर ठेवीन. जगभर सर्वाधिक प्रशिक्षण रॉबिन्सन आर-२२ आणि आर-४४ यांवर झाले आहे. फ्रँक रॉबिन्सन यांनी १९७३ साली कंपनी काढली, आर-२२ चे पहिले उड्डाण १९७५ मध्ये झाले आणि १९७९ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळाले. हे यंत्र मुळात खाजगी मालकांसाठी, स्वस्तात वापरता यावे म्हणून आखलेले होते. तो स्वस्तपणाच प्रशिक्षण संस्थांना भावला आणि नवशिक्यांची पिढीच्या पिढी त्यावर तयार झाली.

आर-२२ चा रोटर, म्हणजे डोक्यावर फिरणारी पाती आणि त्यांचा केंद्रभाग, हलका आहे. इंजिन बंद पडले तर त्या रोटरमध्ये साठलेली फिरती ऊर्जा फार लवकर संपते, आणि कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकदम बदलून यंत्र वर-खाली नेणारा दांडा) खाली करण्यासाठी वैमानिकाला एक-दीड सेकंदच मिळतो. त्याचा दोन पात्यांचा रोटर झोक्यासारखा मधल्या सांध्यावर झुलतो; वर चढताना सायक्लिक (यंत्राला पुढे-मागे किंवा बाजूला झुकवणारा दांडा) झटक्याने पुढे ढकलल्यास यंत्र क्षणभर भारहीन होते, ते एका बाजूला कलंडू लागते, आणि अशा वेळी सायक्लिक विरुद्ध बाजूस नेऊन ते सरळ करण्याचा स्वाभाविक प्रयत्न केला तर रोटरचा केंद्रभाग मास्टवर, म्हणजे रोटर ज्यावर फिरतो त्या उभ्या दंडावर, आदळून मास्टच तुटू शकतो. याला मास्ट बम्पिंग म्हणतात. योग्य कृती म्हणजे आधी सायक्लिक हळुवारपणे मागे घेऊन रोटरवर पुन्हा भार आणणे आणि नंतरच कलंडणे दुरुस्त करणे. हे प्रत्यक्ष हवेत करून दाखवले जात नाही, कारण ते जिवावर बेतू शकते. म्हणून ते जमिनीवरच इतके पक्के व्हावे लागते की हाताने मनाला विचारण्यासाठी थांबू नये. अशा अपघातांमुळे अमेरिकेच्या नियामकाने १९९५ साली आर-२२ आणि आर-४४ या दोन यंत्रांसाठी खास नियम लागू केला. त्यानुसार परवाना नसलेल्या विद्यार्थ्याला आर-२२ वर एकट्याने उड्डाण करण्यापूर्वी किमान २० तास प्रशिक्षकासोबत घालवावे लागतात, आणि कमी रोटर गती, भारहीन अवस्था, रोटरच्या ऊर्जेचे व्यवस्थापन यांचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. तुम्ही कोणत्याही देशात शिकत असाल तरी संस्था हे विषय पहिल्या काही दिवसांतच शिकवते का, हे विचारावे.

फ्रान्समधील गिम्बाल कॅब्री जी-२ हे तुलनेने नवे यंत्र. त्याचा तीन पात्यांचा रोटर अधिक ऊर्जा साठवतो, आणि शेपटीकडील रोटर आवरणाच्या आत असतो. परंतु त्याचा मुख्य रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो, तर रॉबिन्सनचा उलट दिशेने. त्यामुळे शक्ती वाढवताना नाक सरळ ठेवण्यासाठी पायाने दाबायचे पेडल बदलते. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या विद्यार्थ्याचे पाय जुन्या सवयीने चुकू शकतात, आणि हे पहिल्या दिवशी स्पष्टपणे सांगणारा प्रशिक्षक विषय जाणतो असे समजावे. जुनी श्वाइझर ३०० काही ठिकाणी अजून वापरात आहे आणि विद्यार्थ्याच्या चुका सोसणारे दणकट यंत्र म्हणून तिची ख्याती आहे.

कोणते यंत्र उत्तम, या वादात मी शिरणार नाही. आर-२२ वर नीट शिकलेला वैमानिक रोटरच्या गतीबाबत आयुष्यभर सावध राहतो, हे खरे. कॅब्रीवर सुरुवातीच्या चुकांना अधिक वाव मिळतो, हेही खरे. संस्थेकडे एकाच प्रकारची किमान दोन यंत्रे असावीत, ही अट मात्र मी सोडणार नाही. एकच हेलिकॉप्टर असलेली संस्था ते दुरुस्तीला गेले की थांबते, आणि तीन आठवड्यांच्या खंडानंतर विद्यार्थी हॉवरला, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहण्याला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

देखभालीबद्दल विचारताना संकोच करू नये. दर १०० तासांची तपासणी कोण करते, देखभाल संस्थेच्याच आवारात होते की यंत्र दूर पाठवावे लागते, आणि रॉबिन्सन यंत्राला २२०० तास किंवा १२ वर्षे झाल्यावर जी संपूर्ण पुनर्बांधणी करावी लागते तिला किती अवकाश आहे, हे विचारावे. पुनर्बांधणी जवळ आलेले यंत्र असुरक्षित असते असे नाही; परंतु ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या मध्यावर कित्येक महिने नाहीसे होणार असेल, तर पर्यायी यंत्राची सोय आधी कळायला हवी. हँगरमध्ये गेल्यावर जमीन स्वच्छ आहे का, अवजारे जागच्या जागी आहेत का आणि दोषांची नोंदवही भरलेली आहे का, हे पाहावे. ज्या वहीत महिनोन्‌महिने एकही दोष नोंदलेला नाही तिच्याकडे मी संशयाने पाहीन, कारण रोज उडणाऱ्या यंत्रात काही ना काही निघतेच; ते लिहिण्याची मोकळीक नसेल तर ते लिहिले जात नाही.

प्रशिक्षक

हेलिकॉप्टरच्या जगात एक वस्तुस्थिती नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही. परवाना मिळालेल्या नव्या वैमानिकाला व्यावसायिक काम लगेच मिळत नाही. टर्बाइन हेलिकॉप्टरवरील (जेटसारख्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्रावरील) पहिल्या नोकरीसाठी अनेक कंपन्या सुमारे १००० तासांचा अनुभव मागतात. तो जमवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे शिकवणे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत, प्रशिक्षक स्वतःच अलीकडे शिकून बाहेर पडलेला असतो. तेथे आर-२२ वर शिकवण्यासाठी हेलिकॉप्टरचे किमान २०० तास, आणि त्यांतील किमान ५० तास त्याच प्रकारच्या यंत्रावर, असा अनुभव लागतो. तीनशे तासांचा तरुण प्रशिक्षक वाईट असतो असे मुळीच नाही. शिकण्यातील अडचणी त्याला ताज्या आठवत असतात, आणि तो अनेकदा जीव ओतून शिकवतो. परंतु त्याच्या डोक्यावर हजारो तासांचा अनुभव असलेला मुख्य प्रशिक्षक असलाच पाहिजे, आणि तो नावापुरता नसावा. ठरावीक टप्प्यांवर मुख्य प्रशिक्षक स्वतः विद्यार्थ्यासोबत उडून प्रगती तपासतो का, हे विचारावे.

दुसरा प्रश्न प्रशिक्षक टिकण्याचा. गेल्या वर्षभरात किती प्रशिक्षक सोडून गेले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले? प्रशिक्षक बदलला की नवा माणूस तुमची पातळी समजून घेण्यात काही तास घालवतो, आणि ते तास तुमच्या खर्चाचे असतात. लेखी अभ्यासक्रम असेल आणि प्रत्येक उड्डाणानंतर काय झाले, काय राहिले याची नोंद ठेवली जात असेल, तर ही हानी बरीच कमी होते. अशा नोंदींचा एखादा नमुना पाहायला मागावा.

संधी मिळाल्यास प्रास्ताविक उड्डाण ज्या प्रशिक्षकाकडे शिकायचे आहे त्याच्यासोबतच करावे, आणि त्या अर्ध्या-एक तासात दृश्याऐवजी प्रशिक्षकाकडे लक्ष द्यावे. उड्डाणापूर्वी त्याने वजन व समतोलाचा हिशेब केला का? तपासणीची यादी हातात धरून तो यंत्राभोवती फिरला, की सवयीने नुसती नजर टाकून आत बसला? यंत्रात चढण्या-उतरण्याचे नियम, फिरत्या रोटरकडे जायचे झाल्यास समोरून, वैमानिकाच्या नजरेच्या टप्प्यातून आणि वाकून जायचे, शेपटीकडे कधीही जायचे नाही, उतारावर चढाच्या बाजूने जवळ यायचे नाही, हे त्याने तुम्हाला सांगितले का? हवेत नियंत्रण कोणाकडे आहे हे तो दर वेळी स्पष्ट शब्दांत बोलला का, आणि तुम्ही चुकल्यावर त्याचा आवाज चढला का? उतरल्यावर पाच-दहा मिनिटे बसून त्याने उड्डाणाचा आढावा घेतला, की पुढच्या ग्राहकाकडे धाव घेतली? आरडाओरडा करणाऱ्या प्रशिक्षकाकडे शिकू नये. भेदरलेला विद्यार्थी सायक्लिक घट्ट आवळून धरतो, आणि घट्ट धरलेल्या मुठीने हॉवर होत नाही.

मग एक प्रश्न थेट विचारावा : शेवटचे उड्डाण हवामानामुळे किंवा यंत्रातील दोषामुळे केव्हा रद्द केले, आणि तो निर्णय कोणी घेतला? प्रशिक्षकाने घेतला आणि व्यवस्थापनाने तो निमूटपणे मान्य केला, असे उत्तर आले तर संस्था विश्वासाला पात्र आहे. हेलिकॉप्टरच्या जीवघेण्या अपघातांत ढगात किंवा धुक्यात नकळत शिरण्याचा वाटा मोठा आहे, आणि मागे फिरण्याची सवय विद्यार्थीदशेतच लागते. ऑटोरोटेशनबद्दलही, म्हणजे इंजिनाच्या शक्तीविना, हवेने फिरणाऱ्या रोटरच्या आधारे उतरण्याबद्दलही, विचारावे : सराव इंजिनाची शक्ती परत घेऊन हॉवरमध्ये संपवला जातो, की कधी जमिनीवर टेकेपर्यंत नेला जातो? दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि दुसरीत यंत्राला इजा होण्याचा धोका अधिक असतो. पण उत्तर देणाऱ्याने आपल्या पद्धतीमागचे कारण समजावून सांगता आले पाहिजे.

जागा, हवामान आणि वर्ग

संस्था ज्या विमानतळावर आहे तेथून सरावाच्या जागेपर्यंत जायला किती वेळ लागतो, हा किरकोळ वाटणारा प्रश्न आहे. दर उड्डाणात जाण्या-येण्याची वीस मिनिटे गेली, तर पन्नास उड्डाणांत सोळा-सतरा तास नुसत्या वाटचालीत जातात. नियंत्रण मनोरा असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या विमानतळांचा अनुभव मिळावा. उतारावर उतरणे, झाडांनी वेढलेल्या अरुंद जागेत उतरणे आणि टेकडीच्या माथ्यावर उतरणे यांसाठी परवानगी असलेल्या जागा संस्थेकडे असाव्यात, कारण हेलिकॉप्टरचे खरे काम धावपट्टीबाहेरच असते. बारमाही निरभ्र हवामानात तास झपाट्याने होतात, पण वारा, उष्णता आणि उंची यांचा यंत्रावर होणारा परिणाम न अनुभवलेला वैमानिक पुढे अडचणीत येतो. गरम आणि उंचावरच्या हवेत हेच यंत्र जमिनीलगत कसे हतबल होते, ते प्रशिक्षकाच्या शेजारी बसून एकदा तरी पाहिलेले असावे.

वर्गातील शिक्षण ठरावीक वेळापत्रकाने होते का, तेवढे पाहावे; त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

पैसा आणि करार

ताशी दराचा अर्थ समजून घेतल्याशिवाय दोन संस्थांची तुलना करता येत नाही. तास इंजिन सुरू झाल्यापासून मोजतात की जमीन सोडल्यापासून? इंधनाचा भाव वाढल्यास अधिभार लागतो का? प्रशिक्षकाचे मानधन, उड्डाणापूर्वीचे व नंतरचे मार्गदर्शन, विमानतळ शुल्क, परीक्षकाचे शुल्क आणि परीक्षेच्या दिवशीचे यंत्राचे भाडे त्यात धरले आहे का? अपघात झाल्यास नुकसानीपैकी किती भार विद्यार्थ्यावर येतो, आणि विमा विद्यार्थ्याला लागू आहे का? ही उत्तरे कागदावर घ्यावीत, आणि खर्चाचा अंदाज किमान तासांवर न बांधता अलीकडे परवाना मिळालेल्या विद्यार्थ्यांना सरासरी किती तास लागले यावर बांधावा. त्या विद्यार्थ्यांशी, आणि शक्य असेल तर मध्येच सोडून गेलेल्यांशीही, संस्थेच्या माणसांच्या अनुपस्थितीत बोलावे.

संपूर्ण शुल्क आगाऊ भरू नये. मोठ्या सवलतीचे आमिष असले तरी भरू नये. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही त्या काळातील फार मोठी प्रशिक्षण संस्था एका रविवारी अचानक बंद पडली आणि दिवाळखोरीत गेली. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी शिक्षण अर्धवट राहून अडकले. अनेकांनी संपूर्ण अभ्यासक्रमासाठी कर्ज काढलेले होते, आणि परवाना हाती नसताना ते कर्ज त्यांच्या मानेवर राहिले. ती संस्था लहान नव्हती, अनोळखी नव्हती आणि जाहिरातीत कमी पडत नव्हती. म्हणून टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांपुरते किंवा फार तर पुढच्या दहा तासांपुरते पैसे भरण्याची मुभा जी संस्था देते तिला प्राधान्य द्यावे, आणि परताव्याच्या अटी वाचल्याशिवाय सही करू नये. स्वतःच्या बाजूने मात्र एका टप्प्याला लागणारी पूर्ण रक्कम हाताशी ठेवूनच सुरुवात करावी. आठवड्यातून तीन-चार उड्डाणे केल्यास शिकलेले हातात राहते. पैसे जमतील तसे महिन्यातून एकदा उडणारा विद्यार्थी अखेरीस अधिक तास आणि अधिक पैसा घालवतो.

नोकरीची हमी देणाऱ्या संस्थेकडून ती हमी नेमक्या शब्दांत लिहून मागावी. बहुतेकदा ती हमी मुलाखतीची संधी देण्यापुरती असल्याचे तेव्हा ध्यानात येते.

पहिल्या उड्डाणापूर्वी करायची तयारी

उडते हेलिकॉप्टर हा सर्वांत महाग वर्ग आहे, म्हणून जे जमिनीवर शिकता येते ते जमिनीवरच शिकावे. प्रवेश निश्चित झाला की त्या यंत्राची वैमानिक पुस्तिका मिळवावी आणि निदान तीन प्रकरणे पाठ होईपर्यंत वाचावीत : मर्यादा, आपत्कालीन कृती आणि नेहमीच्या कृती. रोटरच्या गतीच्या मर्यादा, कमाल वेग आणि प्रत्येक इशारादर्शक दिव्याचा अर्थ झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यावा. रॉबिन्सनच्या पुस्तिकेतील सुरक्षा सूचना स्वतंत्रपणे वाचाव्यात; त्या जुन्या अपघातांतून शिकून लिहिलेल्या आहेत आणि थोडक्यात आहेत. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात दमट हवेत, बाहेरचे तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर असतानाही, बर्फ कसा साठतो हे समजून घ्यावे. उंची व वेग यांचा आलेख घेऊन, कोणत्या उंचीवर कोणत्या वेगाने असताना इंजिन बंद पडले तर सुखरूप उतरता येत नाही, ते स्वतः काढून पाहावे.

सिद्धान्तात हवेतील तीन-चार संकटे आधीच ओळखीची असावीत. स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत वेगाने खाली उतरत राहिल्यास शक्ती वाढवूनही यंत्र खालीच जाते, ती भोवऱ्याची अवस्था; स्किड (यंत्राखालच्या टेकण्याच्या पट्ट्या) जमिनीत अडकून त्याच बिंदूभोवती यंत्र उलटणे; वाऱ्याच्या विशिष्ट दिशेमुळे टेल रोटर अपुरा पडून अनपेक्षित गिरकी घेणे; आणि रोटरची गती फार कमी होऊन पात्यांची उचल नाहीशी होणे. प्रत्येकाची कारणे, पूर्वखुणा आणि सुटका या तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहून काढाव्यात. अपघातांचे अधिकृत तपास अहवाल अनेक देश जाहीर करतात. आपल्याच यंत्राचे अहवाल आठवड्याला एक असे वाचावेत.

रेडिओवरील संभाषण बहुतेकांना उड्डाणापेक्षा अवघड जाते, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्याला अधिकच. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी आयकाओच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथ्या पातळीची भाषाक्षमता लागते. व्याकरणशुद्ध इंग्रजीपेक्षा ठरलेली वाक्ये स्पष्टपणे बोलणे आणि सूचना जशीच्या तशी परत उच्चारणे येथे महत्त्वाचे असते. वर्णमालेचे सांकेतिक शब्द पाठ करावेत, जवळच्या विमानतळाचे संभाषण ऐकणे कायदेशीर असेल तेथे ऐकावे, आणि आरशासमोर मोठ्याने सराव करावा. आवाज कानाला ओळखीचा झाला की डोके यंत्रासाठी मोकळे राहते.

घरी खुर्चीवर बसून करायचा सराव अनेकांना बालिश वाटतो, पण मला तो सर्वांत किफायतशीर वाटतो. उजव्या हातात सायक्लिक, डाव्या हातात कलेक्टिव्ह आणि त्यावरचे थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी मूठ), पायांखाली पेडले अशी कल्पना करून, यंत्र सुरू करण्याची यादी व विमानतळाभोवतीची एक फेरी डोळे मिटून क्रमाने करावी. इंजिन बंद पडल्याची कल्पना करून कलेक्टिव्ह खाली, पेडलने दिशा, सायक्लिकने वेग, असे हातापायांना म्हणत जावे. संगणकावरील सिम्युलेटर नकाशावाचन आणि उपकरणांच्या सरावासाठी उपयोगी आहे. हॉवर मात्र त्यावर शिकू नये, कारण स्वस्त जॉयस्टिकने लागलेली ढोबळ हालचालींची सवय मोडण्यात प्रशिक्षकाचे तास जातात.

पादत्राणे पातळ तळाची आणि घट्ट बसणारी घ्यावीत, म्हणजे पेडलचा दाब कळतो. गॉगल पोलराइझ्ड काचांचा नसावा, कारण अशा काचांतून उपकरणांचे काही पडदे काळे दिसतात. चांगला हेडसेट ही पहिली खरेदी असावी. हेलिकॉप्टरचा आवाज कानांना कायमची इजा करतो. पुरेशी झोप आणि पाणी घेऊन जावे, आणि सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी उडू नये.

पहिले दहा तास

हॉवर पहिल्या दिवशी जमत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. बहुतेकांना पाच ते दहा तास लागतात, आणि एके दिवशी, नेमके काय बदलले हे न कळताच, यंत्र एका जागी उभे राहते. तोपर्यंत हालचाल करण्याऐवजी दाब द्यायला शिकावे, मनगट मांडीवर टेकवावे आणि नजर नाकासमोरच्या जमिनीवर न खिळवता पन्नास-शंभर मीटर दूर ठेवावी. सुरुवातीला प्रशिक्षक एकेक नियंत्रण हाती देईल तर उत्तम. तिन्ही एकदम दिली गेली आणि गोंधळ होत असेल तर एकेक मागून घ्यावे.

प्रत्येक उड्डाणानंतर त्याच दिवशी अर्धे पान लिहावे : काय ठरले होते, काय झाले, प्रशिक्षकाने कोणते वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट सुधारायची. ही वही लॉगबुकपेक्षा वेगळी ठेवावी. सलग चार-पाच उड्डाणांत तीच अडचण वहीत येत असेल, तर ती घेऊन मुख्य प्रशिक्षकाकडे जावे आणि एक उड्डाण दुसऱ्या प्रशिक्षकासोबत मागावे. चांगली संस्था ही मागणी अपमान मानत नाही, आणि पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या एका वेगळ्या शब्दाने अडलेले सुटते. एकट्याने उड्डाण कितव्या तासाला झाले याची सहाध्यायांशी तुलना करू नये. प्रशिक्षक बाहेर उतरल्यावर यंत्र एकदम हलके होते, त्याचा समतोल बदलतो आणि ते अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडते. हे त्याने आधी सांगितले नसेल, तर दार बंद होण्यापूर्वी तुम्ही विचारावे.